पुकाऱ्यामधला श्वास

एप्रिल लागला की लासलगावात सालं उडायला लागतात. उन्हाळ कांद्याची वरची, पातळ, तांबूस सालं. ट्रॉली हलली, कुणी पाटीतून कांदा ओतला, नुसती वाऱ्याची झुळूक आली तरी ती उठतात आणि गावभर फिरत राहतात. उंबऱ्यात साचतात, बशीतल्या चहावर येऊन बसतात. माझी बायको सुनंदा कपडे भिजवण्याआधी माझे खिसे उलटे करून अंगणात झाडते. यंदाही तिचं ते काम सुरू झालं आणि माझंही.

मी बाजारात कांद्याचा लिलाव पुकारतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत जातो. कुणी कांदा उचलून दाबतो, कुणी बोट वर करतो, कुणी नुसती भुवई उडवतो. त्या सगळ्या खुणा मी आवाजात आणायच्या. भाव चढतो, एका जागी अडतो, मी शेवटचा आकडा म्हणतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे जातो. दिवसभर एवढंच.

काल कांतीशेठ म्हणाले, "रंगाभाऊ, पुकारता का भजन करता? मधे मधे थांबता काय!" कांतीशेठ आमच्या बाजारातले जुने व्यापारी. हे वाक्य ते दर हंगामाच्या सुरुवातीला एकदा म्हणतात आणि मी दर वेळी हसतो. मी का थांबतो ते त्यांना ठाऊक आहे. मी थांबायला शिकलो तो उन्हाळा त्यांनीही जवळून पाहिलाय.

त्याच्या आधी मी थांबत नव्हतो. पुकाऱ्यात फट ठेवायची नाही, हा माझा मीच घालून घेतलेला नियम होता. फट राहिली की कुणीतरी मधे बोलतं, मग दुसरा बोलतो, गलका होतो आणि लिलाव आपल्या हातून निसटतो, असं मला वाटायचं. म्हणून आकड्याला आकडा जोडत जायचं. श्वास लागलाच तर दोन आकड्यांच्या मधून चोरून घ्यायचा. हातात धरायचा भोंगा एका हंगामात आणून पाहिला होता. तो शिट्ट्या मारायचा आणि व्यापारी म्हणायचे, तुमचं तोंड दिसत नाही. मग तो परत गेला.

संध्याकाळी घरी यायचो तेव्हा अंगात काही शिल्लक नसायचं. मी त्याला उन्हाचा थकवा म्हणायचो. चहा घ्यायचो. चहाने तरतरी यायची, ती थोड्या वेळात जायची आणि जाताना चिडचिड मागे ठेवून जायची. मग पुन्हा चहा. आमच्याकडे मूड हा शब्द उशिरा आला. आधी नुसतं 'डोकं सरकलं' असायचं. डोकं कधी सरकतं, कुठून सरकतं, याचा विचार कुणी करत नव्हतं. सरकलं की सरकलं. घरातल्या माणसांनी ते ओळखून जरा बाजूने जायचं.

घरी आप्पा होते, माझे वडील. रेल्वेत गँगमन होते. सगळी नोकरी रुळांच्या कडेने चालण्यात गेली. निवृत्त झाल्यावर हळूहळू कान गेले. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते घातलं की कानात चिमण्या ओरडतात म्हणून त्यांनी ते काढून कपाटात ठेवलं. पुढे कुणी आग्रह केला नाही. त्यामुळे घरी आल्यावरही माझा पुकारा चालूच राहायचा. आप्पांशी साध्यातली साधी गोष्ट बोलायची तरी छातीतून जोर लावावा लागायचा. मी आमच्या ओसरीवर त्यांना काही विचारलं की शेजारच्या मावशी त्यांच्या दारातून उत्तर द्यायच्या. आप्पा मात्र माझ्याकडे बघायचे आणि मान हलवायचे. ती मान हो म्हणाली का नाही, ते आम्हाला कळायचं नाही. सुनंदा आपली अंदाजाने काय ते करायची.

आवाज गेला तो दिवस उन्हामुळे लक्षात आहे. सकाळीच पत्रे तापले होते. चांदवडकडची एक बाई आपल्या ट्रॉलीत कांद्यावर उभी होती. डोक्यावरचा पदर हाताने पुढे ओढून धरलेला, आणि नजर माझ्या तोंडावर. शेतकऱ्याची नजर तिथेच असते. भाव बरा चढत होता. मी पुढचा आकडा म्हणायला तोंड उघडलं आणि हवा आली. आवाज आला नाही. नळाला पाणी यायच्या आधी जशी फुसफुस होते, तशी.

"काय भाव म्हणला ओ? ऐकूच नाय आला," बाई वरून म्हणाली.

मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. घसा आतून सोलल्यासारखा झाला होता. कांतीशेठनी माझ्याकडे वळून पाहिलं, क्षणभर थांबले आणि मग त्यांनीच तो आकडा मोठ्याने म्हणून टाकला. ट्रॉली बिनभावाची राहायला नको म्हणून. बाईने मान डोलावली. घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकला. मी होतो तिथेच राहिलो. पुकारणाऱ्याशिवाय घोळका पुढे गेलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. बरोबर आलेल्या एका कारकुनाने पुढच्या ट्रॉलीचा पुकारा सुरू केला. त्याचा आवाज चिरका होता, पण आवाज होता.

नाशिकला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्राला सूज होती आणि बारीक गाठी धरायला लागल्या होत्या.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

मी बोलू नये म्हणून सुनंदा बरोबर आली होती. ती म्हणाली, "ओरडतात."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, आधी पूर्ण मौन. मग आवाजाचे व्यायाम, त्यासाठी एका मॅडमकडे जायचं. त्याने सूज उतरली तर ठीक, नाहीतर गाठी काढाव्या लागतील. त्यानंतर आवाज पहिल्यासारखा राहील का, याची खात्री ते देत नव्हते. परतीच्या बसमध्ये सुनंदा खिडकीतून बाहेर बघत राहिली. निफाड गेलं, विंचूर आलं. आम्ही दोघंही एकच विचार करत होतो आणि त्यातल्या एकालाच बोलायची परवानगी होती, तर तीही बोलली नाही.

माझ्या जागी बाजारात विलास उभा राहिला. तिशीतला, खणखणीत गळ्याचा, स्वभावाने चांगला. वारा तिकडून असला की त्याचा पुकारा आमच्या ओसरीपर्यंत यायचा. मी खुर्चीत बसून ऐकायचो. कुठे घाई झाली, कुठे दम तुटला, सगळं कळायचं. तो चांगला पुकारत होता. हे मान्य करायला मला काही दिवस लागले.

मौनात माणसाला राग ठेवायला जागा लागते. ती सापडेपर्यंत त्रास होतो. मी ओसरीवर, आप्पा त्यांच्या खाटेवर, असे आम्ही दिवस काढले. न बोलणारी दोन माणसं. आप्पा अधूनमधून माझ्याकडे पाहायचे. बराच वेळ निरखायचे, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं की नजर रस्त्याकडे वळवायचे. त्यांना सुनंदाने खुणेने गळा दाखवून सांगितलं होतं, तरी त्यांना काय कळलं होतं कोण जाणे.

त्याच दिवसांत मला माझा श्वास ऐकू यायला लागला. तो इतकी वर्षं तिथेच असणार. बोलणं बंद झाल्यावर तो समोर आला. तो आखूड होता. वरच्या वर, गळ्याशी, पाण्याच्या घोटासारखा. स्वस्थ बसलेलो असलो तरी त्याची धावपळ चालूच.

आवाजाच्या मॅडम म्हणजे फरहीन मॅडम. गंगापूर रोडला पहिल्या मजल्यावर त्यांची खोली होती. वय तिशीच्या आतलं, मालेगावच्या, मराठी बोलता बोलता हिंदीत जाऊन परत यायच्या. मी समोर बसलो तेव्हा त्यांनी घशाचं काही विचारलंच नाही.

"काका, एक श्वास घ्या."

मी घेतला. छाती भरून, चांगला मोठा, दाखवण्यासारखा.

"आता तसेच थांबा. खांदे कुठे गेलेत बघा."

खांदे कानाजवळ गेले होते.

"मागून कुणी अचानक हाक मारली की आपण असा श्वास घेतो," त्या म्हणाल्या. "घाबरल्यावरचा श्वास आहे हा. तुम्ही दिवसभर असाच घेता का?"

मी मान हलवली. पन्नाशीच्या माणसाला श्वास घेता येत नाही, हे ऐकायला मी लासलगावहून आलो होतो. मनातून मी उठून निघालोच होतो. शरीर तेवढं खुर्चीत होतं, कारण परतीची बस उशिरा होती.

त्यांनी माझा हात माझ्याच पोटावर ठेवायला लावला. श्वास आत येताना हात बाहेर ढकलला गेला पाहिजे, बाहेर जाताना आत. माझं उलटं चाललं होतं. मग त्यांनी अर्धा ग्लास पाणी आणि एक स्ट्रॉ दिली. स्ट्रॉ पाण्यात बुडवून, ओठ मिटून, आतून बारीक 'ऊ' म्हणत हवा सोडायची. बुडबुडे आले पाहिजेत.

"सारखे आले पाहिजेत. उसळले म्हणजे तुम्ही जोर लावताय. मधेच थांबले म्हणजे श्वास संपलाय आणि तुम्ही कबूल करत नाही."

माझे बुडबुडे उसळले, मग थांबले. त्या नुसतं म्हणाल्या, "खांदे खाली, काका."

दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला त्यांनी त्यांच्या घरचं सांगितलं. त्यांचे अब्बा पॉवरलूमवर होते. घराच्या भिंतीपलीकडेच लूम. "अब्बा जेवायला घरी आले तरी त्यांचा आवाज लूमवरचाच. खाली यायचाच नाही. ईदला सगळे लूम बंद असायचे. त्या दिवशी ते हळू बोलायचे. मला लहानपणी वाटायचं, ईदला आपले अब्बा बदलतात. मग दुसऱ्या दिवशी परत तेच." एवढं सांगून त्यांनी ग्लास माझ्यापुढे सरकवला.

घरी मी जमिनीवर सतरंजी टाकून आडवा व्हायचो. पोटावर काहीतरी वजन ठेवायचं होतं, म्हणजे पोट हलतंय का ते दिसतं. सुनंदाने घोटीहून आणलेल्या तांदळातला थोडा एका कापडी पिशवीत बांधून दिला. पिशवी वर जायची, खाली यायची. पहिल्या दिवशी सुनंदा हसू दाबायला तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. काही दिवसांनी तीच म्हणाली, "अहो, पिशवी द्या जरा," आणि स्वतः आडवी झाली. खाटेवरून आप्पा दोघांकडे बघत होते.

"पोट दुखतंय का रं दोघांचं?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनी माना हलवल्या.

मॅडमनी हळूहळू आणखी काही गोष्टी सांगितल्या. त्यात नवल काहीच नव्हतं. चिडचिड चढतेय असं वाटलं की श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्यायचा, फुंकर घातल्यासारखा, सावकाश. फारच कोंडल्यासारखं झालं तर नाकाने एक श्वास घ्यायचा, त्यावरच आणखी थोडा घ्यायचा आणि मग तोंडाने सगळा सोडून द्यायचा. दुपारी जेवणानंतर डोळे मिटायला लागले तर चहाकडे पळण्याआधी पाठ सरळ करून, पोट आत घेत, थोडे जोराचे श्वास बाहेर टाकून बघायचे. चक्कर आली तर लगेच थांबायचं.

"आणि हे औषध नाही हं," त्या म्हणाल्या. "छातीत दुखलं, दम लागला तर डॉक्टरकडेच जायचं. रेडिओला आवाज कमी-जास्त करायची कळ असते ना, तशी ही एक कळ आहे. गाणं कुठलं लागेल ते तिच्या हातात नसतं."

मला हे बोलणं पटलं, कारण त्यात आश्वासन फार नव्हतं. कळ आहे, फिरवून बघा. मी फिरवून बघायला लागलो. नाशिकला जाता-येता विंचूरजवळ बस कांद्याच्या ट्रकांमागे अडकायची. इंजिन बंद, ऊन आत, लोक ड्रायव्हरला बोलायला लागायचे. मी स्वतःकडे बघायचो. डोकं सरकायच्या आधी श्वास सरकतो, हे मला तिथे बसमध्ये दिसलं. आधी तो पोटातून उठून छातीत येतो. मग गळ्याशी जातो. मग जबडा आवळतो. मग कुठे शब्द येतात, आणि आपल्याला वाटतं आपल्याला आत्ता राग आला. तो तर केव्हाच निघालेला असतो. मधल्या एखाद्या थांब्यावर त्याला गाठता येतं. नेहमी नाही, पण येतं. मी फुंकर घालत बसायचो. शेजारचा माणूस विचारायचा, "लय गरम होतंय का?" मी मान हलवायचो.

दुपारचा चहा आपोआप कमी झाला. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी जे पोकळ पोकळ वाटायचं, ते थोडं उथळ झालं. झोप बरी लागायला लागली. एवढ्याने आयुष्य बदललं असं मी म्हणणार नाही. एके दिवशी बाजारातल्या कुणीतरी सांगितलं की विलासला कायमचं उभं करणार आहेत. मी सतरंजीवर आडवा झालो, पिशवी ठेवली, श्वास सोडत राहिलो. काही झालं नाही. भीती जशीच्या तशी उभी. शेवटी मी उठलो, बादली घेतली आणि दारातल्या कडुनिंबाला पाणी घातलं. मग शेजारच्या मावशींच्या जास्वंदीलाही. त्या दिवशी तेवढंच जमलं.

मे महिन्यात डॉक्टरांनी थोडं बोलायला परवानगी दिली. बाजाराने मला सकाळची ट्रॉल्यांची एक ओळ दिली, बाकी विलास करणार होता. मी खुशीत गेलो, आणि ओळ संपता संपता आवाज पुन्हा खरखरायला लागला. दुसऱ्या दिवशी तेच. खोलीत सगळं जमायचं. बुडबुडे सारखे यायचे, खांदे खाली राहायचे. ट्रॉलीसमोर उभा राहिलो की सगळं पुसून जायचं. मी फरहीन मॅडमना फोनवर हे सांगितलं.

"मी घरी मालेगावला चाललेच आहे. सकाळी वाट वाकडी करून येते," त्या म्हणाल्या.

आल्या. नाकातोंडावर ओढणी, डोळ्यांवर गॉगल, घोळक्याच्या मागे एका पिकअपला टेकून उभ्या राहिल्या. सालं त्यांच्या केसांत अडकत होती. मी ओळ पुकारली. संपल्यावर बाजूला आलो, घसा धरला होता. त्यांना म्हटलं, "बघितलंत? इथे नाही होत."

"काका, तुम्ही श्वास सोडतच नाही. अर्धा सोडता आणि त्यावरच नवा घेता. आत साचत जातो. घाई कसली आहे?"

"मॅडम, मधे जागा सोडली की कुणीतरी घुसतं. लिलाव हातातून जातो."

"कधी गेलाय?"

मी आठवून पाहिलं. आठवेना. जागा कधी सोडलीच नव्हती, तर जाणार कसा?

"मग उद्या एकदा सोडून बघा. आकडा म्हटला की ओठ मिटायचे. उरलेली हवा नाकाने जाऊ द्यायची. नवा श्वास तुम्ही घ्यायचा नाही, तो येतो. तो आला की पुढचा आकडा."

त्या बसस्टँडकडे निघाल्या. जाताना वळून म्हणाल्या, "आणि खांदे."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच ट्रॉलीला मी आकडा म्हटला आणि ओठ मिटले. बाहेरून पाहिलं तर तो क्षण इतका बारीक असेल की कुणाला जाणवलाही नसेल. मला तो रस्ता ओलांडण्याएवढा लांब वाटला. आता कुणीतरी बोलणार, आता गलका होणार. ट्रॉलीच्या पत्र्यावर सालं घासल्याचा आवाज आला. कुठेतरी ट्रॅक्टर सुरू झाला. कांतीशेठनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काय रंगाभाऊ, झोप लागली का?"

लोक हसले. श्वास आला होता. मी पुढचा आकडा म्हटला. माझ्या मानाने हळू म्हटला, कारण आवाज चढवायची मनाई होती. पुन्हा ओठ मिटले. या वेळी कुणी हसलं नाही. मागे उभे असलेले दोघे-तिघे पुढे आले. मला वाटलं भांडायला आलेत. ते ऐकायला आले होते. पुढच्या ट्रॉलीला आणखी काही जण पुढे सरकले. ओळीच्या शेवटी शेवटी घोळका इतका आवळून आला होता की मला प्रत्येकाचा चेहरा दिसत होता. एका फटीत, मागच्या बाजूला नेहमी गप्प असणाऱ्या एका लहान व्यापाऱ्याने बोट वर केलं. त्याला या आधी कधी मी तेवढी सवडच दिली नसेल.

त्याने भाव वाढले वगैरे काही नाही. भाव कुठेतरी लांब ठरतो, त्याचा माझ्या श्वासाशी संबंध नाही. ओळीला थोडा जास्त वेळ लागला, त्यावर कुरकूरही झाली. पण ओळ संपली तेव्हा घसा होता तसाच होता. पुढच्या तपासणीत डॉक्टर दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सूज उतरलीय." सुनंदाने पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसून घेतलं. विलास आणि मी ओळी वाटून घेतल्या. त्याला जास्त, मला कमी. ते बरोबरच होतं, आणि अजूनही तसंच आहे. हल्ली कधी त्याचा घसा बसतो तेव्हा तो माझ्याकडे येतो आणि मी त्याला फरहीन मॅडमचा पत्ता सांगतो. जातो का नाही, विचारत नाही.

संध्याकाळी घरी यायचो तेव्हा आता अंगात थोडं काही उरलेलं असायचं. त्याचं काय करायचं ते मला सुरुवातीला कळेना. मी ओसरीवर आप्पांच्या खाटेशी बसायला लागलो.

एकदा बसल्या बसल्या, मोठ्याने बोलायचं नाही म्हणून, मी त्यांच्या डाव्या कानाजवळ तोंड नेलं आणि श्वास सोडता सोडता खालच्या आवाजात म्हटलं, "आज आवक कमी होती." ऐकू येईल अशी अपेक्षाच नव्हती. बोलावंसं वाटलं म्हणून बोललो.

"असंल की," आप्पा म्हणाले. "लग्नतिथी हाय ना मोठी."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. पुढे मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या की उतारवयात कान गेलेल्या पुष्कळ माणसांना ओरडलेलं नुसतं गोंगाटासारखं ऐकू येतं. जवळून, सावकाश, खालच्या पट्टीत बोललं तर शब्द लागतो. हे आधी कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं आणि आम्ही कुणाला विचारलं नव्हतं.

मग आप्पा बोलायला लागले. मी थोडं बोलायचो, ते पुष्कळ. उन्हाळ्यात रूळ कसे ताणतात, हातोडा घेऊन पहाटे चालत निघालं की पहिली हाक कोणता पक्षी देतो, कोणत्या पुलाखाली कायम गार असतं. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होतो. एवढी वर्षं ते कुठे ठेवलं होतं, असं मनात यायचं. सुनंदाही भाजी निवडायचं ताट घेऊन ओसरीवर येऊन बसायची.

जून जवळ आला होता. त्या दिवशी बाजार बंद होता. भर दुपार, रस्त्यावर कुणी नाही. आत सुनंदा भाकरी थापत होती. मी खाटेला टेकून बसलो होतो. आप्पा काही वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले,

"रंगा, तुझा राग गेला का रे?"

मी कानाशी वाकलो. "कसला राग?"

"माझ्यावरचा."

त्यांनीच पुढे सांगितलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. रुळांच्या गोष्टी सांगत, तसंच सांगत होते.

"तू माझ्याशी बोलायला आला का तुझी मान फुगायची. डोळे मोठे व्हायचे. मला शब्द कुठं ऐकू यायचे? नुसतं तोंड दिसायचं. मी म्हणायचो, आपलं काय चुकलं ते कळत नाय, पण पोरगं लय रागावलंय. रोजच रागावतंय. म्हणून मी आपली मान हलवायचो. भांडण नको म्हणून."

भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. सुनंदा दारात येऊन उभी होती. माझा श्वास गळ्याशी जाऊन बसला होता आणि तो खाली यायला बराच वेळ लागला. आप्पा थांबून होते. त्यांना घाई नव्हती. मग मी त्यांच्या कानाजवळ गेलो.

"आप्पा, मी रागावलो नव्हतो. मी विचारायचो, जेवलात का."

आप्पांनी ते ऐकलं. डोळे बारीक करून त्यांनी त्याचा विचार केला. प्रश्न आत्ताच, या घडीला विचारलाय, असा.

"नाय," ते म्हणाले. "अजून नाय जेवलो. तू?"